ब्रेक फेल होतो म्हणजे काय? जुन्या पद्मिनीला पुढे डिस्क मारण्याआधी

काचा खाली करून कसारा घाट उतरलात तर पायथ्याशी एक वास हमखास येतो. थोडा जळक्या रबराचा, थोडा करपलेल्या कागदाचा. पुढच्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा तो वास. अधूनमधून पेपरात ‘घाटात ट्रकचा ब्रेक फेल’ अशी बातमी येते, आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण ब्रेक फेल होतो म्हणजे नेमकं काय होतं? पुष्कळदा तुटलेलं काहीच नसतं. गाडी तासभर उभी केली की तोच ब्रेक पुन्हा लागायला लागतो.

हा प्रश्न मला पडला तो मामाकडून आलेल्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीमुळे. गाडीत आम्ही चौघं आणि डिकीत कांद्याची गोणी, असे कल्याणला निघालो होतो. घाटाच्या निम्म्यात पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं आणि पुढच्या वळणाला जवळजवळ फरशीला टेकलं. पेडल भराभर पंप करून आणि गिअर खाली टाकून गाडी आवरली. पायथ्याशी चहा प्यायलो, अर्ध्या तासाने पेडल जागेवर आलेलं. परत आल्यावर जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर: “पुढे डिस्क मारून टाक.” म्हणजे पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसव.

सल्ला बरोबर आहे. पण ‘मारून टाक’ म्हणण्याइतकं ते काम सोपं नाही. अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा नीट जुळवलेला ड्रम बरा, असं माझं आता ठाम मत आहे. ते का, हे सांगतो.

थांबवलेल्या गाडीचा वेग जातो कुठे?

उष्णतेत. ब्रेकचं काम एवढंच: गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची.

पद्मिनी रिकामी सुमारे ९०० किलोची. चार माणसं आणि सामान धरून १२०० किलो म्हणू. ही गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा थांबवली की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर जवळजवळ लिटरभर पाणी चहाला उकळेल. ताशी ४० वरून थांबवली तर पाव लिटरच. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे इथे लक्षात ठेवायचं.

आता घाट. इगतपुरी ते कसारा उतार ढोबळमानाने ३०० मीटरचा. याच चढाला रेल्वेचा रूळ दर ३७ मीटरला एक मीटर चढतो, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. आपली १२०० किलोची गाडी तेवढीच खाली उतरवायची तर हिशेब येतो अकरा लिटर पाणी उकळण्याइतका. त्यातली काही उष्णता हवेचा आणि टायरचा विरोध खातो. इंजिनाला किती खाऊ द्यायची ते तुम्ही कोणत्या गिअरमध्ये उतरता यावर ठरतं. उरलेली सगळी चार ब्रेकच्या वाट्याला. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच टाकतात. आमच्या घरात ही सवय पिढीजात होती.

ड्रमच्या आत

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं, ओतीव लोखंडाचं उथळ पातेलं. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू, त्यांच्यावर घासणारं अस्तर, म्हणजे लायनर. पेडल दाबलं की चाकापाशी बसवलेला छोटा पंप, म्हणजे व्हील सिलिंडर, शू बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि लायनर पातेल्याला आतून घासतो. जुन्या स्कूटरचा ब्रेक याच जातीचा.

ड्रमची एक खुबी मला फार आवडते. दाराखाली लाकडी पाचर सरकवली की दार जितकं ढकलाल तितकी ती घट्ट होते. ड्रममधला पुढचा शू तसाच आहे. फिरणारा ड्रम त्याला आपल्यासोबत ओढतो आणि त्या ओढीनेच शू आणखी घट्ट रुततो. पायाने लावलेला जोर ब्रेक स्वतःच वाढवतो. म्हणूनच आपल्या आजोबांच्या गाड्या बुस्टरशिवाय, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याशिवाय, थांबत होत्या. ही पाचर लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

घाटात पेडल खोल का जातं?

बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो ते आठवा. लोखंडी कडं भट्टीत तापवलं की मोठं होतं, चाकावर सहज बसतं आणि पाणी ओतलं की आवळतं. घाटात ड्रमचं अर्धंच होतं: तापून मोठा होतो, पण पाणी ओतायला कोणी नसतं. २०० मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटरने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शू आणि ड्रममधली फट मुळात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवलेली असते, आणि शूने जास्तीचं कापलेलं अंतर पेडलपाशी कित्येक पटींनी मोठं होऊन दिसतं. म्हणून पेडल खोल जातं.

दुसरी गोष्ट लायनरची. ठरावीक तापमानापुढे त्याची पकड कमी होते. पेडल कडक लागतं, पाय दुखेपर्यंत दाबा, गाडी थांबत नाही. आपण म्हणतो ‘ब्रेक सुटला’.

तिसरं कारण सगळ्यात घातक, आणि ते डिस्कलाही लागू आहे. ब्रेक ऑइल नावाला ऑइल. ते तेल नसून हवेतला ओलावा शोषून घेणारं रसायन आहे. ताजं डॉट-३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. तापलेल्या चाकापाशी ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडलचा सगळा प्रवास बुडबुडे दाबण्यात जातो आणि ब्रेकपर्यंत काही पोहोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि मेकॅनिक म्हणतो, “साहेब, ब्रेक तर ओके आहे!” इगतपुरीच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं भिजलेल्या गाडीत चार वर्षांचं जुनं ऑइल असेल तर हे कधीही होऊ शकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. माझ्या गाडीतलं निघालं तेव्हा चहाच्या रंगाचं होतं.

डिस्क वेगळं काय करते?

डिस्क ब्रेक आपण लहानपणापासून वापरत आलोय. सायकलच्या रिमला दोन बाजूंनी रबरी गुटके चिमटीत धरतात ना, कल्पना तीच. इथे रिमऐवजी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसवलेली लोखंडी चकती, गुटक्यांऐवजी पॅड आणि चिमट्याऐवजी कॅलिपर.

फरक उष्णतेच्या वाटेत आहे. ड्रमच्या आतल्या बाजूला तयार झालेली उष्णता लोखंडातून बाहेर यायला वेळ लागतो, झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी. चकती उघड्यावर फिरते आणि तिच्या घासणाऱ्या दोन्ही बाजूंना वारा लागतो. शिवाय तापली की ती जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेने फुगते. ड्रम तापून शूपासून लांब जातो, चकती पॅडकडे येते. माझ्या मते सगळ्या फरकाचं मूळ इथे आहे.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या तळ्यातून ड्रमवाली गाडी काढली की आत गेलेलं पाणी आतच राहतं आणि पुढचे दोन-तीन ब्रेक रामभरोसे. चकती पाणी भिरकावून टाकते, उरलेलं पॅड पुसतात.

कल्पना नवीन नाही. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. जग्वारने १९५३ ची ‘ल मान’ शर्यत डिस्कवर जिंकली आणि मग बाकीच्यांचे डोळे उघडले. आपल्या पद्मिनीची इटालियन बहीण, फियाट ११०० आर, हिला १९६६ मध्येच पुढे डिस्क आल्या. भारतात मात्र त्याआधीच्या ११०० डी चा साचा चालू राहिला, आणि ड्रमही.

“मग डिस्क लावली की गाडी जागच्या जागी थांबेल ना?”

नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे.

गाडी शेवटी थांबवतात टायर. ब्रेक चाक थांबवतो, टायर रस्त्याला धरून गाडी थांबवतो. तुमचा ड्रम एका दाबात चाक लॉक करू शकत असेल, म्हणजे त्याचं फिरणंच बंद करू शकत असेल, तर त्यापुढे कितीही भारी डिस्क लावा, थंड ब्रेकवर पहिल्याच दाबात गाडी फार अलीकडे थांबणार नाही. कोरड्या, बऱ्या रस्त्यावर ताशी ८० वरून थांबायला साधारण ३५ ते ४० मीटर लागतात, आणि पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात २२ मीटर आधीच गेलेले असतात. दहा वर्षांचे कडक झालेले टायर असतील तर पैसे आधी तिथे घाला.

डिस्कचा फायदा दिसतो तो पाचव्या आणि दहाव्या दाबाला. शिवाय पाय जितका दाबाल तितकाच ब्रेक लागतो, आणि डावा-उजवा सारखा लागतो. ड्रममध्ये ती पाचर असल्यामुळे एका बाजूच्या लायनरला थोडं ऑइल लागलं किंवा ओल आली तरी फरक वाढून बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

पाचर काढली, आता जोर कुठून आणायचा?

चकतीत पाचर नाही. पॅड सरळ दाबतात, चकती त्यांना ओढून आणखी घट्ट करत नाही. म्हणजे त्याच गाडीला तितकंच थांबवायला बराच जास्त दाब लागतो. नुसती चकती आणि कॅलिपर बसवून जुनंच पेडल ठेवलं तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “अरे, हा तर आधीपेक्षा कमी लागतो!”

म्हणून बुस्टर. तो म्हणजे मधोमध रबरी पडदा असलेला पत्र्याचा डबा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा इनटेकमध्ये जी निर्वात ओढ तयार होते, ती एका पाइपने या डब्याला जोडतात. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला ओढ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. बाहेरची हवाच तुमच्या पायाला हातभार लावते.

इथे न्यूट्रल टाकून वर इंजिनही बंद करणाऱ्यांसाठी एक इशारा. इंजिन बंद झालं की बुस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ओढ शिल्लक राहते. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. ड्रमच्या गाडीत उतारावर इंजिन बंद करणं मूर्खपणा होता, बुस्टर लावलेल्या डिस्कच्या गाडीत तो जिवावर बेतेल. पाइपमध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो विसरू नका आणि उलटाही बसवू नका.

दोन सिरिंजचा खेळ

एक लहान आणि एक मोठी सिरिंज सलाइनच्या नळीने जोडा, पाणी भरा. लहान दाबली की मोठी हलते, थोडीच हलते, पण जोराने. पेडलखालची सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर, चाकापाशी व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर.

समजा ड्रमच्या व्हील सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ४८. व्यास दुपटीच्या आत असला तरी क्षेत्रफळ साडेतीन पटींपेक्षा जास्त होतं. तो पिस्टन हलवायला तेवढंच जास्त ऑइल लागतं. पॅड चकतीला जवळजवळ चिकटून असतात, त्यांना फार सरकावं लागत नाही, म्हणून थोडं निभावतं. तरीही मास्टर सिलिंडर लहान पडला तर पेडल खोल जातं आणि गरजेपेक्षा मोठा घेतला तर पेडल लाकडासारखं कडक लागतं. सोपा उपाय असा की कॅलिपर ज्या गाडीचे घेताय, तिचाच मास्टर सिलिंडर आणि बुस्टर मिळतोय का ते आधी पाहायचं. जोडी कंपनीनेच जुळवलेली असते. वेगवेगळ्या चार गाड्यांचे सुटे भाग एकत्र आणून ‘बसतंय की’ म्हणणं हा जुगाड ब्रेकमध्ये नको.

मास्टर बदलताय तर दुहेरीच घ्या. अनेक जुन्या गाड्यांत एकच वाट असते: एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी असते. एक गेली तरी दुसरी राहते. डिस्क न लावताही नुसता हा बदल केला तरी मी म्हणेन पैसे वसूल.

आता एक बारीक गोष्ट, जी हमखास राहून जाते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाइपमध्ये थोडा दाब अडवून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत जात नाही. ड्रमला हा दाब सोसतो, कारण शू मागे ओढायला तगड्या स्प्रिंगा असतात. कॅलिपरला स्प्रिंग नाही. तोच दाब पुढच्या डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि सपाट रस्त्यावरच ब्रेक तापतो. तपासायला अवजार लागत नाही. पुढचं चाक जॅकवर उचला, कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. हलकं घासल्याचा आवाज चालेल, अडकणं चालणार नाही.

“मागेही डिस्क का नको?”

एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळे पुढे जातात. गाडीचं वजनही तसंच पुढे झुकतं. जोरात ब्रेक लावताना थांबवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम पुढची चाकं करतात, त्यामुळे उष्णताही पुढेच. मागच्या ड्रमवर भार कमी असतो आणि हँडब्रेकची तार तिथे सोयीने बसते. मागचा ड्रम तसाच राहू द्या.

पण एक पथ्य आहे. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी फिरते. पुढे डिस्क आणि बुस्टर आल्यावर बुस्टर मागच्या ड्रमलाही जोर देतो, आणि ड्रमची पाचर आहेच! म्हणून मागच्या वाटेवर दाब आटोक्यात ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागू शकतो. तो लागतो की नाही हे मोकळ्या मैदानात, कमी वेगात, कोणाला तरी बाहेर उभं करून पाहायचं. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत.

चाकाच्या आत जागा किती?

पद्मिनीची चाकं चौदा इंची, ॲम्बॅसेडरची पंधरा. ॲम्बॅसेडरवाले नशीबवान आहेत. पुढच्या काळातल्या ॲम्बॅसेडरला कंपनीकडूनच पुढे डिस्क येत होत्या, त्यामुळे बरेचसे भाग घरच्याच गाडीचे मिळतात. पद्मिनीवाल्यांना दुसऱ्या गाडीचा कॅलिपर आणून मधे बसवायला ब्रॅकेट बनवून घ्यावं लागतं. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात लेथ आणि मिलिंगची कमी नाही, हे आपल्या नाशिककरांचं भाग्य. पण ब्रॅकेट म्हणजे कसला तरी पत्रा कापून भोकं पाडणं नव्हे. ब्रेक लागतो तेव्हा चाकाचा सगळा पीळ त्या तुकड्यातून स्टब ॲक्सलवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या भागावर, जातो. स्टील जाड हवं, बोल्ट चांगल्या ग्रेडचे हवेत, आणि स्टब ॲक्सलवर वेल्डिंग अजिबात नको. घडवलेल्या स्टीलला तिथे ताप लागला की ते कुठे तडकेल याचा नेम नाही.

रिम आणि कॅलिपरमध्ये फट राहते का ते चाक हाताने पूर्ण फिरवून पाहायचं. लागत असेल तर स्पेसर घालून चाक बाहेर ढकलण्याचा मोह होतो. त्याने बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि चाक मडगार्डला लागू शकतं. ब्रेक होज, म्हणजे चाकापर्यंत जाणारी लवचीक नळी, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लटकवूनही ताणली जाता कामा नये, कुठे घासताही कामा नये.

जुने शू खोलताना आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

आता माझी फजिती. पहिल्या गॅरेजने काम करून दिलं आणि पेडल स्पंजासारखं लागत होतं. ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढून अख्खी बाटली ऑइल संपलं, पेडल तसंच. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि हसले.

“भाऊ, बाटलीतली हवा काढायची तर बूच वर पाहिजे का खाली?”

कॅलिपर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. त्यामुळे हवा काढायचं निपल खाली आलं होतं. हवा वर जमते, निपल खाली, मग शंभर वेळा पंप केलं तरी ऑइलच बाहेर येणार. अदलाबदल केल्यावर एका खेपेत पेडल वर आलं. कॅलिपरचं निपल सगळ्यात वर असलं पाहिजे, हे आता मी झोपेतही सांगेन.

“आमच्या वडिलांनी ड्रमवरच सगळे घाट उतरले”

उतरले, खरं आहे. पण तेव्हा ते खालच्या गिअरमध्ये उतरत, आणि पुढचा ट्रकही तितक्याच हळू उतरत असे. आज तुमच्या पुढची गाडी एबीएसवाली आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी तिची चाकं लॉक होत नाहीत. ती जिथे थांबते तिथे तुमच्या गाडीलाही थांबता आलं पाहिजे. इथे ड्रमचा दोष नाही, आजूबाजूची वाहतूक बदलली.

कोणी म्हणेल, घाट टाळून समृद्धीने जा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये उघडला, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, वळणं नाहीत. पण तिथे शेजारून गाड्या ताशी १२० ने जातात. ८० पेक्षा १०० वरून थांबायला दीडपटीहून जास्त उष्णता, हा हिशेब पुन्हा तोच. शिवाय इगतपुरीहून सपाटीला उतरायचं ते उतरावंच लागतं.

तुमची गाडी गंगापूर रोडवर रविवारी सकाळी फिरून मिसळ खाऊन घरी येणारी असेल, तर मात्र मी डिस्कचा आग्रह धरणार नाही. ड्रमला टर्निंग मारून घ्या, शू नवे, व्हील सिलिंडरचे रबर किट नवे, होज नव्या, ऑइल ताजं आणि फट नीट जुळवलेली. त्यावर गाडी झकास थांबते. डिस्कचा सल्ला देणाऱ्या निम्म्या लोकांच्या ड्रमला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो.

मूळपण आणि आरटीओ

मूळ गाडीला हात लावू नये असं मानणाऱ्यांचा मला आदर आहे. त्यांच्यासाठी एवढंच: सगळं बोल्टवर बसवा, काही कापू नका, आणि काढलेले ड्रम, शू, मास्टर सिलिंडर ग्रीस लावून खोक्यात ठेवा. एका शनिवार-रविवारात गाडी पुन्हा जशीच्या तशी करता आली पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. ब्रेकचं नाव त्या यादीत नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घालतं. म्हणून काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी न्यावीच लागते. तिथे इन्स्पेक्टरला कामाची बिलं दाखवता आली तर बरं.

पहिले शंभर किलोमीटर

नवे पॅड आणि चकती एकमेकांत बसायला वेळ लागतो. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने वीसेक वेळा ब्रेक लावायचे आणि मधे गाडीला थोडं पळू द्यायचं, म्हणजे चकती गार होते. गरम चकतीवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. मी हे त्र्यंबक रोडला केलं. भाजीच्या टेम्पोवाल्याने मला दोनदा ओव्हरटेक केलं आणि दोन्ही वेळा वळून पाहिलं.

शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासायचे, ऑइलची पातळी बघायची, होजवर घासल्याच्या खुणा शोधायच्या. आणि फेरीवरून आल्या आल्या चारही रिमवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. पुढच्या दोन्ही बाजू सारख्याच तापल्या पाहिजेत. परवा घोटीपर्यंत जाऊन आलो. उजव्या रिमवरचा थेंब निवांत ओघळला, डाव्या रिमवरचा चर्र करून उडाला. कॅलिपर ज्यावर सरकतो ती एखादी पिन अडकत असावी. रविवारी पुन्हा खोलणार आहे.